पायथनच्या फाइलला कुठली नावं द्यायची नाहीत, आणि दिली असतील तर कसं निस्तरायचं

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो तेवढ्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल. अकरावीला आहे, कॉम्प्युटर सायन्स घेतलंय, नुकतंच पायथन सुरू झालंय. "मामा, काल चालत होतं, आज बंद पडलंय, मी काहीच बदललेलं नाहीये." हे वाक्य मी ऑफिसात दर आठवड्याला ऐकतो, त्यामुळे उठूनच बसलो. म्हटलं, काहीच म्हणजे अगदी काहीच नाही? "नाही म्हणजे, फक्त फाइलचं नाव बदललं. आधी गेम१ होतं, सरांना कळायला पाहिजे ना कशाबद्दल आहे ते, म्हणून रँडम केलं."

झालं. तिथेच सापडलं. पण त्याला ते फोनवर समजावताना माझ्या लक्षात आलं की हा विषय कोणी नीट बसून शिकवतच नाही, आपण सगळे ठेच लागूनच शिकलोय, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकतो. (कोडमधली नावं मी बोलतो तशी देवनागरीतच लिहितोय, मशीनवर ती अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. फाइलच्या शेवटचं डॉट पीवाय पण दरवेळी लिहीत बसत नाही.)

आधी भाच्याची फाइल बघू, तीनच ओळी होत्या. पहिल्या ओळीत प्रिंट, "चला खेळूया". दुसऱ्या ओळीत इम्पोर्ट रँडम, म्हणजे कसेही आकडे निवडून देणारं पायथनचं तयार मॉड्यूल (दुसऱ्या फाइलमधला कोड) आपल्या प्रोग्राममध्ये आणायचं. तिसऱ्या ओळीत रँडम.रँडइंट, एक ते सहा, म्हणजे फासा टाकायचा. फाइलचं नाव रँडम. चालवली की स्क्रीनवर काय येतं? "चला खेळूया". मग परत एकदा "चला खेळूया". आणि मग एरर, की रँडम या अर्धवट तयार झालेल्या मॉड्यूलमध्ये रँडइंट नावाचं काही नाही, बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे (म्हणजे फाइली एकमेकींना गोल गोल इम्पोर्ट करतायत म्हणून) असेल.

भाचा त्या सर्क्युलर इम्पोर्टच्या मागे लागला होता, अर्धा तास गूगल करत होता. पण खरी खूण एररमध्ये नाहीचये, ती वरच्या दोन ओळींत आहे. प्रिंट एकदाच लिहिलंय आणि छापलं दोनदा गेलंय. म्हणजे फाइल दोनदा चालली. पहिल्यांदा आपण चालवली म्हणून, आणि दुसऱ्यांदा तिने स्वतःलाच इम्पोर्ट केलं म्हणून. पायथनला रँडम पाहिजे होतं, त्याने शेजारी बघितलं, रँडम नावाची फाइल दिसली, उचलली. ती भाच्याचीच. तिच्यात रँडइंट कुठून असणार, तिच्यात फक्त "चला खेळूया" आहे.

आता तो शोधतो कसा ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं. इम्पोर्ट अमुक असं लिहिलं की पायथन आधी बघतो की हे मॉड्यूल या प्रोग्राममध्ये आधीच लोड झालंय का, झालं असेल तर तेच देतो, विषय संपला. नसेल तर बघतो की हे नाव पायथनच्या स्वतःच्या पोटातच बांधलेल्या मॉड्यूलांपैकी आहे का. मग फ्रोझन म्हणून एक प्रकार असतो (आधीच कंपाइल करून पायथनमध्ये भरून ठेवलेली मॉड्यूल) तो बघतो. आणि हे सगळं झाल्यावर सिस.पाथ नावाची फोल्डरांची यादी घेऊन क्रमाने एकेका फोल्डरमध्ये शोधतो. या यादीत पहिला नंबर कोणाचा, तर तुम्ही जी फाइल चालवताय तिच्या फोल्डरचा. स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे पायथनबरोबरच येणारी मॉड्यूल, त्यानंतर, आणि पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, बाहेरून आणून टाकलेल्या लायब्ररी त्याच्याही नंतर. वाड्याच्या दारात उभं राहून "अहो जोशी" अशी हाक मारली तर ओसरीवर बसलेला जोशी उठणार, आतल्या खोलीत ज्यांच्याकडे काम आहे त्या जोशींना पत्ताही लागणार नाही. तसंच आहे हे.

म्हणून मी मुलांना असं सांगतो की जी नावं पायथन तोंडावर नाकारतो त्यांना घाबरू नका. जी तो गुपचूप चालवून घेतो त्यांना घाबरा.

नाकारली जाणारी नावं, म्हणजे कीवर्ड

हा भाग पटकन उरकतो कारण इथे फारसं बिघडत नाही. कीवर्ड म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द, पायथन ३.७ पासून ते आहेत ३५. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, क्लास, डेफ, इम्पोर्ट, लॅम्ब्डा, पास, विथ, यील्ड वगैरे, शिवाय ट्रू, फॉल्स आणि नन. फाइलला क्लास असं नाव देता येतं, फाइल सिस्टिमला त्याचं काही नाही, ती फाइल थेट चालवली तर चालतेसुद्धा. पण दुसऱ्या फाइलमधून इम्पोर्ट क्लास लिहिलंत की सिंटॅक्स एरर. इम्पोर्टलिबमधलं इम्पोर्ट_मॉड्यूल हे फंक्शन वापरून नाव स्ट्रिंगमध्ये दिलं तर ती इम्पोर्ट होते, पण असं करायची वेळ आली तर नाव बदला, पळवाट शोधू नका. पेप ८, म्हणजे पायथनचा कोड कसा लिहावा याच्या अधिकृत सूचना, त्यात सुचवलंय की नाव कीवर्डशी भांडत असेल तर शेवटी एक अंडरस्कोर लावा, म्हणजे क्लास_.

हायफनचंही तेच. माय-मॉड्यूल असं नाव ठेवलंत तर पायथन त्याला वजाबाकी समजतो. नावाची सुरुवात आकड्याने असेल तरी तेच. शाळा-कॉलेजात प्रॅक्टिकलच्या फाइलींना १_बेरीज, २_गुणाकार अशी नावं द्यायची पद्धत आहे, सुटं सुटं चालवायला ठीक आहे, पण त्यातलं एक दुसऱ्यात इम्पोर्ट करायला गेलं की अडतं. पी१_बेरीज करा, आयुष्य सोपं होईल.

यादी पाठ करू नका, बदलत असते. इम्पोर्ट कीवर्ड करून कीवर्ड.केडब्ल्यूलिस्ट प्रिंट करा, तुमच्या मशीनवरच्या पायथनची यादी समोर येईल. बदलते म्हणजे खरंच बदलते. अॅसिंक हे नाव वर्षानुवर्षं मोकळं होतं, लोकांनी बिनधास्त वापरलं, आणि जून २०१८ मध्ये पायथन ३.७ आलं तेव्हा अॅसिंक आणि अवेट पूर्ण कीवर्ड झाले. सेलरी ही (कामं मागच्या मागे करून घेणारी) केवढी मोठी लायब्ररी, तिच्यात बॅकएंड्सच्या फोल्डरमध्ये अॅसिंक नावाची फाइल होती, ३.७ वर टाकली की सिंटॅक्स एरर. शेवटी त्यांना त्या फाइलचं नाव अॅसिंक्रोनस करावं लागलं. काल जे नाव आपलं होतं ते आज भाषेने स्वतःकडे घेतलं, असंही होतं.

त्यातून शहाणं होऊन त्यांनी नंतर सॉफ्ट कीवर्ड हा प्रकार काढला. ३.१० मध्ये मॅच, केस आणि नुसता अंडरस्कोर, ३.१२ मध्ये टाइप. हे फक्त ठरावीक जागी कीवर्ड असतात, बाकी ठिकाणी साधी नावं. त्यामुळे मॅच नावाची फाइल असेल तर इम्पोर्ट मॅच चालतं. क्रिकेटच्या स्कोअरबोर्डचे प्रोजेक्ट करणाऱ्यांनी काळजी करू नये.

चालवून घेतली जाणारी नावं, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी

इथे थांबा, चहा घेऊन या, खरा मामला इथे आहे. पायथनबरोबर जवळपास ३०० मॉड्यूल येतात, आणि गंमत अशी की त्यांची नावं अगदी रोजची आहेत. आपण काय विषयावर लिहितोय तेच फाइलचं नाव द्यायची आपली सवय, आणि लायब्ररीवाल्यांचीही तीच सवय, त्यामुळे टक्कर होणारच. कॅलेंडरचा प्रोग्राम लिहिला, नाव कॅलेंडर. रांगेचं डेटा स्ट्रक्चर शिकलो, नाव क्यू. टर्टल काढायला शिकलो, नाव टर्टल. सीएसव्ही वाचायला शिकलो, नाव सीएसव्ही. पासवर्ड एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, नाव सीक्रेट्स, आणि सीक्रेट्स हे नाव पायथन ३.६ पासून स्टँडर्ड लायब्ररीचं आहे.

माझी स्वतःची ठेच ई-मेलची. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ठिकाणी रोज संध्याकाळी रिपोर्ट मेलने पाठवायची स्क्रिप्ट लिहायला सांगितली होती. मी फाइलचं नाव दिलं ईमेल, दुसरं काय देणार. पहिली ओळ इम्पोर्ट एसएमटीपीलिब, म्हणजे मेल पाठवायचं मॉड्यूल. एरर आला की ईमेल.माइम असं मॉड्यूल नाही, ईमेल हे पॅकेज (म्हणजे मॉड्यूलांचा फोल्डर) नाहीये. मी दोन तास पायथन अनइन्स्टॉल करून परत टाकत होतो, मला वाटलं इन्स्टॉलेशनच गंडलंय. शेवटी शेजारच्या टेबलवरची ताई आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अरे फाइलचं नाव काय आहे तुझ्या?" आणि परत गेली चहाला. तिने खुर्चीसुद्धा ओढली नाही.

यातलं लक्षात घेण्यासारखं काय, तर ईमेलचा झगडा फक्त मी ईमेल इम्पोर्ट केलं म्हणून नव्हता. एसएमटीपीलिब स्वतः आतून ईमेल इम्पोर्ट करतं. म्हणजे तुम्ही ते मॉड्यूल कधी वापरलंही नसेल, नाव ऐकलंही नसेल, तरी तुमच्या फाइलीचं नाव त्याच्याशी जुळलं तर दुसराच कोणीतरी पडतो. भाच्याच्या फोल्डरमध्ये दुसरी एक फाइल होती, तिच्यात टेम्पफाइल इम्पोर्ट केलेलं. ती पण बंद पडली, कारण टेम्पफाइलला रँडममधलं रँडम क्लास लागतो आणि त्याला मिळाली भाच्याची फाइल. भाचा म्हणाला, मामा त्या फाइलला तर मी हातच नाही लावला. बरोबर आहे, नाही लावला. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून चालणारं सगळंच तिच्या तावडीत येतं.

असंच एक लबाड नाव म्हणजे कोड. कितीतरी जण पहिल्या फाइलला कोडच नाव देतात. पायथनचा डिबगर, पीडीबी, तो कोड नावाचं मॉड्यूल आतून इम्पोर्ट करतो. म्हणजे प्रोग्राम ठीक चालतो आणि ज्या दिवशी बिघडतो, डिबगर लावायला जाता, नेमका त्या दिवशी डिबगर तुमचीच फाइल परत चालवून बसतो. टोकन, टाइप्स, कॉपी, नंबर्स, स्ट्रिंग, सॉकेट, सिग्नल, सिलेक्ट, प्रोफाइल, ऑपरेटर, प्लॅटफॉर्म, साइट, ही सगळी त्याच जातीची. यातलं टोकन आणि टाइप्स विशेष टाळा, बाकीची लायब्ररी त्यांच्यावर फार अवलंबून असते.

टेस्टचं काय, असं प्रत्येकजण विचारतो. टेस्ट हे पण स्टँडर्ड लायब्ररीतलं पॅकेज आहे, पायथनच्या स्वतःच्या चाचण्या असतात त्यात. साध्या स्क्रिप्टला टेस्ट नाव दिलं तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण जँगोमध्ये (वेबसाइट बनवायचं पायथनचं फ्रेमवर्क) टेस्ट नावाचा प्रोजेक्ट सुरू करायला जा, तो तिथेच हात वर करतो की या नावाचं पायथन मॉड्यूल आधीच आहे, दुसरं नाव दे. मला जँगोचं हे वागणं आवडतं. पायथननेही सुरुवातीपासून असंच केलं असतं तर निम्मे प्रश्न संपले असते.

उशिरा का होईना केलंय थोडं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये हाच एरर आता बदललाय, तो सरळ सांगतो की तुमच्या अमुक फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखंच आहे, ते बदलून बघा, आणि फाइलचा पूर्ण पत्ताही देतो. भाच्याच्या लॅबमध्ये जुनं पायथन होतं म्हणून त्याला ते सर्क्युलरचं गाणं ऐकावं लागलं.

आणि याच ३.१३ मध्ये १९ जुनी मॉड्यूल काढूनही टाकलीत, सीजीआय, क्रिप्ट, पाइप्स, टेलनेटलिब वगैरे. म्हणजे ती नावं आता मोकळी झाली. पण तुमचा कोड कोणाच्यातरी ३.१० वर चालणार असेल तर तिथे ती अजून भरलेलीच आहेत, तेव्हा घाई नको.

उलटा प्रकार, तुमची फाइल दिसतच नाही

वर म्हटलं ना की फोल्डरांच्या यादीच्या आधी पायथन स्वतःच्या पोटात बघतो. तर सिस, टाइम, बिल्टइन्स, अशी काही मॉड्यूल फाइलच्या रूपात नसतातच, ती पायथनमध्येच बांधलेली असतात. तुम्ही टाइम नावाची फाइल केलीत, तिच्यात वेळापत्रक नावाचं फंक्शन लिहिलंत, आणि दुसऱ्या फाइलमधून इम्पोर्ट टाइम केलंत, तर मिळणार पायथनचंच टाइम. तुमची फाइल तिथेच पडून राहते, कोणी ढुंकूनही बघत नाही. एरर येतो की टाइममध्ये वेळापत्रक नाही, आणि तुम्ही फाइल उघडून बघता तर वेळापत्रक समोर दिसतंय. डोकं फिरतं अक्षरशः. ओएसचंही तसंच, पायथन सुरू होतानाच ते लोड झालेलं असतं त्यामुळे तुमच्या ओएस फाइलपर्यंत गाडी येतच नाही.

सगळ्यात वात आणतं ते मॅथ. विंडोजच्या नेहमीच्या पायथनमध्ये ते आतच बांधलेलं, आणि मॅकवर पायथनच्या अधिकृत साइटवरून घेतलेल्या पायथनमध्ये ते वेगळ्या फाइलमध्ये. म्हणजे मॅथ नावाची तुमची फाइल एका मशीनवर दुर्लक्षित होते आणि दुसऱ्या मशीनवर खऱ्या मॅथच्या डोक्यावर बसते. मग मित्र म्हणतो माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

पिपने आणलेली नावं

पांडास, नमपाय, फ्लास्क, रिक्वेस्ट्स, ही नावं फाइलला द्यायची नाहीत हे उघड आहे, तरी लोक देतात, कारण "फ्लास्क शिकतोय" म्हणून फाइल फ्लास्क. इथे एक बारीक खाच आहे. पिपला द्यायचं नाव आणि इम्पोर्टला द्यायचं नाव एकच असेल असं नाही. पिलो टाकलं तरी इम्पोर्ट करताना पीआयएल. पायवायएएमएल टाकलं तरी इम्पोर्ट यामल. ओपनसीव्ही-पायथन टाकलं तर सीव्ही२, सायकिट-लर्न टाकलं तर एसकेलर्न. टक्कर होते ती इम्पोर्टच्या नावाशी. म्हणून यामल ही फाइल धोक्याची, पिलो ही नाही.

टूल्सनी आणि डंडरनी अडवलेली नावं

दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेली नावं, ज्यांना आपण डंडर म्हणतो, ती स्वतःच्या मनाने काढू नका. डंडर इनिट म्हणजे फोल्डरला पॅकेज करणारी फाइल, डंडर मेन म्हणजे मायनस एम लावून पॅकेज चालवलं की जी चालते ती. बाकी डंडर नावं पायथनने स्वतःसाठी राखून ठेवलीत. साइटकस्टमाइझ आणि यूझरकस्टमाइझ या नावाच्या फाइली पायथन सापडतील तिथून सुरुवातीलाच आपणहून इम्पोर्ट करतो, ती नावं कारण असल्याशिवाय देऊ नका. पायटेस्ट (चाचण्या चालवायचं टूल) वापरत असाल तर कॉनफटेस्ट हे नाव त्याचं.

विंडोजची वेगळीच कटकट. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, आणि सीओएम१ ते ९, एलपीटी१ ते ९, ही डिव्हाइससाठी राखलेली नावं, यातली काही तर जुन्या डॉसच्याही आधीपासून, सीपी/एम या सिस्टिमच्या काळापासून चालत आलीत. शेवटी डॉट पीवाय लावलं तरी बऱ्याच विंडोज आवृत्त्या ऐकत नाहीत. लिनक्सवर बसून कोणी एयूएक्स नावाची फाइल केली आणि गिटवर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) टाकली की विंडोजवाल्याचं क्लोन अडकतं, पाथ इनव्हॅलिड आहे म्हणून. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येसुद्धा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फोल्डरात एयूएक्स डॉट सी आहे, तेव्हा ही चूक नवशिक्यांचीच असते असं नाही.

नाव द्यायच्या आधी कसं तपासायचं

तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन आणि लायब्ररी, असेल तर ते चालू करा (नाहीतर पिपची नावं तपासलीच जाणार नाहीत), आणि पायथन सुरू करा. इम्पोर्ट इम्पोर्टलिब.यूटिल लिहा. मग इम्पोर्टलिब.यूटिल.फाइंड_स्पेक, कंसात अवतरणात तुमच्या मनातलं नाव. उत्तर नन आलं, किंवा काहीच छापलं गेलं नाही, तर नाव मोकळं आहे, घ्या. काही आलं तर त्यातलं ओरिजिन बघा, ते कुणाचं आहे ते तिथे लिहिलेलं असतं, फाइलचा पत्ता तरी असेल नाहीतर बिल्ट-इन किंवा फ्रोझन असा शब्द. फाइल तयार करायच्या *आधी* हे करा बरं का, नंतर केलंत तर तुमचीच फाइल सापडेल.

आधीच पन्नास फाइली झाल्या असतील तर एकेक कुठे बघत बसणार. ३.१० पासून सिसमध्ये स्टडलिब_मॉड्यूल_नेम्स नावाचा संच मिळतो, स्टँडर्ड लायब्ररीची सगळी वरच्या पातळीवरची नावं. पाथलिबचं आरग्लॉब वापरून सगळ्या पीवाय फाइली फिरा, प्रत्येकीचं स्टेम म्हणजे मागचं शेपूट काढलेलं नाव या संचात आहे का बघा, आणि कीवर्ड.इजकीवर्ड लावून तेही बघा, जे सापडेल ते प्रिंट करा. पाच-सहा ओळींचं काम आहे. रफ (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) वापरत असाल तर त्यात ए००५ हा नियम चालू करा, तो नेमकं हेच पकडतो.

आता ही तपासणी केली की पॅकेजच्या पोटातल्या फाइलीही दिसतील आणि तुम्ही घाबराल, तर थांबा. समजा तुमचं दुकान नावाचं पॅकेज आहे आणि त्यात कॅलेंडर ही फाइल आहे. तिचं पूर्ण नाव दुकान.कॅलेंडर, त्यामुळे पायथन ३ मध्ये ती खऱ्या कॅलेंडरच्या आड येत नाही. पण, आणि हा पण मोठा आहे, तुम्ही दुकानच्या फोल्डरमध्ये शिरून तिथली एखादी फाइल थेट चालवलीत तर यादीत पहिला नंबर त्या फोल्डरचा लागतो आणि कॅलेंडर लगेच ओसरीवर येऊन बसतं. म्हणून बाहेरच्या फोल्डरमधूनच पायथन मायनस एम दुकान.बिल अशा पद्धतीने चालवायची सवय लावा, शेवटी पीवाय न लिहिता.

फोल्डरच्या नावालाही हेच लागू आहे पण थोडं कमी. जेसन नावाचा फोल्डर असेल, त्यात डंडर इनिट नसेल, तर खरं जेसनच जिंकतं कारण तसल्या फोल्डरचा नंबर सगळ्यात शेवटी. त्यात रिकामी का होईना डंडर इनिट टाकली की फोल्डर वरचढ. डेटाच्या फाइली ठेवायला जेसन फोल्डर केला, महिनाभर चाललं, आणि एक दिवस एडिटरने आपणहून डंडर इनिट टाकली, अशी केस मी बघितलीये.

बिघडलंच असेल तर

आधी खात्री करा. त्याच फोल्डरमध्ये पायथन मायनस सी लावून इम्पोर्ट रँडम करा आणि रँडम.डंडर फाइल प्रिंट करा. पत्ता तुमच्या फोल्डरचा आला तर चोर सापडला. ३.११ किंवा पुढचं पायथन असेल तर अजून एक युक्ती, कॅपिटल पी चा फ्लॅग लावून प्रोग्राम चालवा, पायथन मायनस पी. मग तुमचा फोल्डर यादीत घेतलाच जात नाही. असं केल्यावर तोच एरर गेला तर भांडण नावाचंच आहे. कायम मात्र तसं चालवता येणार नाही, कारण तुमच्या स्वतःच्या मदतीच्या फाइलीही त्याला दिसेनाशा होतात.

मग नाव बदला. गिट असेल तर गिट एमव्ही ने, म्हणजे जुनं नाव काढणं आणि नवीन जोडणं एकदमच होतं. जिथे जिथे ती इम्पोर्ट केली होती तिथे नवीन नाव टाका, एडिटरचं रिफॅक्टर वापरलंत तर बरं पण ते खऱ्या रँडमच्या इम्पोर्टलाही हात लावतंय का ते बघून घ्या, मी एकदा प्रिव्ह्यू न बघता एंटर मारलाय. ज्युपिटर नोटबुक उघडं असेल तर कर्नल (नोटबुकच्या मागे चालणारा पायथन) रीस्टार्ट करा, कारण आधी लोड झालेलं मॉड्यूल तो सोडत नाही.

पायकॅश फोल्डर (पायथन फाइलींच्या कंपाइल केलेल्या प्रती, म्हणजे पीवायसी फाइली, जिथे ठेवतो तो) डिलीट करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. करा, नुकसान नाही, पण पायथन ३ मध्ये मूळ फाइल गेली की पायकॅशमधली तिची प्रत वापरली जात नाही, त्यामुळे फरक पडायचं कारण नाही. हा सल्ला पायथन २ च्या काळातला आहे, तेव्हा पीवायसी फाइल शेजारीच पडायची आणि मूळ फाइल गेल्यावरही भुतासारखी चालत राहायची. आजही एखादी पीवायसी अशी सुटी शेजारी पडलेली दिसली तर ती मात्र काढाच.

नवीन नाव काय द्यायचं? पेप ८ म्हणतं छोटं, सगळं लहान लिपीत, गरज पडली तर अंडरस्कोर. मी त्यात एवढंच घालतो की विषयाचं नाव देऊ नका, कामाचं द्या. ईमेल नाही, रिपोर्ट_पाठव. कॅलेंडर नाही, सुट्टी_मोजणी. दोन शब्द जोडले की टक्कर व्हायची शक्यता जवळपास संपते, आणि मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला तर अजूनच. भाच्याने फाइलचं नाव फासा केलं, एफ ए ए एस ए ए. चाललं.

मग त्याने विचारलं, मामा, खरंच मराठीत, म्हणजे देवनागरीत दिलं तर? देता येतं. पायथन ३ पासून व्हेरिएबल, फंक्शन, मॉड्यूल सगळ्यांना देवनागरी नाव चालतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. इम्पोर्ट फासा असं देवनागरीत लिहून बघितलं, पळालं, पोरगं खूश. गिट स्टेटसमध्ये ते नाव तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दिसतं, त्यासाठी गिटच्या सेटिंगमध्ये कोअर.कोटपाथ फॉल्स करावं लागतं, एवढंच.

पण लगेच त्याने आजोळच्या लग्नाचा हिशोब ठेवायला वऱ्हाड नावाची फाइल केली आणि आला परत, की न दिसणारं कॅरेक्टर आहे म्हणून सिंटॅक्स एरर येतोय, यू+२००डी. त्याचं असं आहे की आपला हा अर्धा ऱ्ह दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यामागे एक अदृश्य जोडणारं कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथनला नावात ते अदृश्य कॅरेक्टर चालत नाही. त्याच्या लॅपटॉपचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा निघाला. माझ्या फोनवरून मी वऱ्हाड टाइप करून पाठवलं, त्याने ते कॉपी करून फाइलच्या नावात आणि इम्पोर्टमध्ये दोन्हीकडे पेस्ट केलं, आणि चाललं. सध्या त्याच्या बोर्डावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, नाव टाइप करायचं नाही, मामाच्या मेसेजमधून घ्यायचं.